शहाऐंशीचा मुसी चषक

गेल्या आठवड्यात आमच्या बोरीच्या पोस्टात हैदराबादच्या एका जुन्या क्लबाचं जाडजूड पाकीट आलं. आत गुळगुळीत कागदावर छापलेली इंग्रजी पुस्तिका होती : मुसी चषक, पंचवीस स्पर्धांचा इतिहास. गोल्फ नावाच्या खेळाची ही स्पर्धा दर डिसेंबरात चार दिवस चालते आणि तिच्यात देशभरातले व्यावसायिक पुरुष खेळाडू उतरतात. पाकिटावर माझ्या धाकट्या भावाचं, मुंजाजीचं नाव होतं. तो जाऊन चार वर्षं झाली हे क्लबाला कोणी कळवलं नव्हतं. कोणी म्हणजे मीच.

मी चौतीस वर्षं इथल्या शाळेत मास्तरकी केली, इतिहास शिकवला. छापलेला इतिहास हातात आला की तो कुठं थाप मारतो ते आधी शोधायची मला खोड आहे. ही पुस्तिका थाप मारत नाही. अडुसष्ट साली पहिली स्पर्धा झाली, खरं आहे. एकाहत्तरला लढाईमुळं झाली नाही, तेही खरं. प्रत्येक सालापुढं जिंकणाऱ्याचं नाव आणि चार दिवसांत त्यानं मारलेल्या टोल्यांचा आकडा आहे. शहाऐंशीपुढं दिल्लीच्या एका खेळाडूचं नाव आहे. आकडा दोनशे चौऱ्याऐंशी. त्या साली आमच्या मुंजाजीनं दोनशे ब्याऐंशी टोले मारले होते, आणि या खेळात कमी टोले मारणारा जिंकतो.

पुस्तिका आली त्याच आठवड्यात मराठवाडा विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला. आमच्या शाळेचा शिपाई भुजंग पेढे घेऊन घरी आला. सोळा वर्षं या एका नावासाठी त्याच्या लोकांनी काय काय सोसलं! अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यात वस्त्यांवर जे झालं ते मी पेपरात वाचलं होतं आणि पेपरची घडी घालून ठेवली होती. चूक दिसत असताना तोंड मिटून बसायचं, ही माझी जुनी विद्या. भुजंगनं पेढा हातावर ठेवला. तो गेल्यावर मी पुस्तिकेत पुन्हा शहाऐंशीचं पान काढलं आणि ठरवलं की आपल्या घराला ठाऊक असलेला या चषकाचा इतिहास आपण लिहायचा. छापणार कोण, हा प्रश्न नाही. लिहून मोकळं व्हायचं आहे.

मुंजाजी माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. बाप लवकर गेला, म्हणून मी भाऊही झालो आणि बापही, आणि चौथीपर्यंत त्याचा मास्तरही. एवढे सगळे अधिकार एका माणसाकडं असू नयेत.

त्याला मी दोन गोष्टी अशा शिकवल्या की त्या तो मरेपर्यंत विसरला नाही. एकदा शाळेत दिपोटी आले, म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. त्यांनी फळ्यावर एक गुणाकार केला आणि तो चुकला. नऊ वर्षांचा मुंजाजी उभा राहून म्हणाला, “साहेब, तिथं सात पायजे.” साहेब हसले, पण त्यांचे कान लाल झाले. ते गेल्यावर मी मुंजाजीच्या थोबाडीत दिली. म्हणालो, “मोठ्या मानसानं लिव्हलेलं तपासायचं नसतं. समोर कागद आला की दस्कत करायची आन् मुकाट बाजूला व्हायचं.” फळ्यावर सातच पाहिजे होते, हे मला दिसत होतं.

दुसरी गोष्ट विटीदांडूची. खेळताना त्यानं दहा-बारा मोजण्या जास्तीच्या सांगितल्या आणि डाव जिंकला. मला कळलं तेव्हा मी त्याला भर उन्हात प्रत्येक पोराच्या दारात नेलं आणि त्याच्या तोंडून कबूल करून घेतलं. “हरलास तरी चालंल, पण जे तुझं न्हाई ते ठिवायचं न्हाई.” तो रडत रडत सात घरं फिरला. गावानं माझी तारीफ केली. मलाही माझी तारीफ पटली होती.

बहात्तरच्या दुष्काळात तो खडी फोडणाऱ्या टोळीबरोबर हैदराबादला गेला. रस्त्याचं काम संपलं, टोळी परतली, हा तिकडंच राहिला. पत्रात लिहिलं होतं की एका मोठ्या हिरव्या मैदानावर साहेबांच्या काठ्यांची पिशवी उचलायचं काम लागलं आहे. त्याला सही येत होती, जोडाक्षरं चुकवत का होईना लिहिताही येत होतं. चौऱ्याहत्तरला मी त्याचं लग्न करून दिलं. मुलगी चारठाण्याची, धुरपता. लग्नानंतर पंधरा दिवसांनी तो एकटाच परत गेला, कारण तिकडं राहायला जागा नव्हती. पिशव्या उचलणारी माणसं क्लबाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रांगेनं झोपायची.

धुरपता आमच्या घरी राहिली. थोरल्या दिरासमोर धाकट्या सुनेनं बोलायचं नाही, असा आमच्या घरचा रिवाज. ती पदर पुढं ओढून स्वयंपाकघरात बोलायची आणि माझी बायको तानुबाई ते माझ्यापर्यंत आणायची. वर्षभरानं तानुबाई म्हणाली, “ती मनायलीय, झोपडपट्टीत एखादी पत्र्याची खोली घ्या मनावं. मी राहीन.” मी म्हणालो, “आपल्या घरची सून पत्र्यात राहनार न्हाई. नीट घर व्हईल तवा जाईल.” मी हे जेवता जेवता बोललो. पुढचा घासही चुकला नाही.

आता चषक. सोमवारी साहेब लोक खेळत नसत, तेव्हा पिशवीवाल्यांना मैदानावर खेळायची मुभा होती. मुंजाजी सोमवारी खेळून खेळून असा तयार झाला की अठ्ठ्याहत्तर साली क्लबानं त्याला व्यावसायिक खेळाडू म्हणून मुसी चषकात उतरवायचं ठरवलं. ही खबर सांगणारं पत्र ऑगस्टात निघालं आणि वीस दिवसांनी पोचलं. दंगलीपायी एसट्या बंद होत्या. त्या पत्रात शेवटी एक ओळ होती. जो क्लबाचा माणूस मुसी चषक जिंकेल त्याला क्लब शिकवायच्या कामावर कायमचा ठेवतो आणि राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर देतो. ‘दादा, तिला सांगा. एकदा जिंकलो की नेतो.’

त्या दिवसापासून आमच्या घरात या चषकाला देवाच्या जत्रेसारखं महत्त्व आलं. हॉटेलवाल्या पंडितनं मला खेळाचे नियम विचारले. मी सांगितलं, लांब काठीनं चेंडू मारत न्यायचा आणि तो छोट्या खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे. चार दिवस रोज अठराच्या अठरा. ज्यानं सगळ्यात कमी टोले मारले तो जिंकला.

पंडित म्हणाला, “म्हंजे जो कमी काम करील त्याला बक्षीस. मग गुरुजी, आपल्या पंचायतीचा एक मेंबर धाडा की तिकडं.”

हसून झालं. पण डिसेंबर आला की तोच पंडित विचारायचा, “लागला का निकाल?”

अठ्ठ्याहत्तर साली मुंजाजी पहिल्या दोन दिवसांतच बाहेर पडला. दोन दिवसांनंतर मागं राहिलेल्यांना घरी पाठवतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. एकोणऐंशीला सोळावा आला. ऐंशीला नववा. एक्याऐंशीला चौथा, तोही अंगात ताप असताना. ब्याऐंशीला खेळलाच नाही. ज्यांची पिशवी तो पहिल्यापासून उचलायचा त्या कर्नलसाहेबांना त्या साली क्लबाच्या हौशी सभासदांसाठी ठेवलेल्या जागेवर स्वतः उतरायचं होतं आणि त्यांना पिशवीला मुंजाजीच हवा होता. मी पत्रात विचारलं, तू नाही म्हणाला नाहीस? त्यानं लिहिलं, ‘मोठे साहेब आहेत, कसं म्हणायचं.’ मला ते बरोबरच वाटलं.

त्र्याऐंशीला तो दुसरा आला. एका टोल्यानं गेला. ते पत्र मी मोठ्यानं वाचलं तेव्हा स्वयंपाकघरातून भाकरी थापायचा आवाज थांबला आणि जरा वेळानं पुन्हा सुरू झाला. धुरपताला तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. वर्षातून बारा-पंधरा दिवस नवरा घरी. मूलबाळ नव्हतं. गावातल्या बायकांची तोंडं काय, विहिरीवर गेली की सुटली. कोणी म्हणे त्यानं तिकडं दुसरी ठेवली आहे, कोणी म्हणे हिच्यातच खोट आहे. ती सगळं ऐकून पाणी भरून यायची. दर डिसेंबरात मात्र तिची एक वेगळीच धांदल चालायची. तिखट कुटून ठेवायची, शेवया, कुरडया डब्यात भरायची, वाकळ धुवायची. जानेवारीत ते सगळं हळूहळू आमच्याच घरात खाऊन संपायचं. आम्हीच खायचो.

शहाऐंशीच्या नोव्हेंबरात मुंजाजीचं पत्र आलं. त्यात त्यानं पहिल्यांदा खात्रीनं लिहिलं होतं. ‘यंदा हात बसला आहे. माझा जोडीदार सिताराम याला मी सांगून ठेवलं आहे. शेवटचा चेंडू खळग्यात गेला आणि मी पुढं असलो की त्यानं थेट तारघरात धावायचं. तार मिळाली की दादा तुम्ही तिला घेऊन निघा. क्वार्टर रिकामं ठेवलं तर दुसरा कोणी घुसतो.’

सोमवारी सकाळी तार आली. पोस्टमन ती हातात फडफडवतच शाळेत शिरला. ‘मुंजाजी जिंकला, वहिनीला आणा, सिताराम.’ मी वर्ग सोडून दिला. पंडितनं सगळ्यांना फुकट चहा पाजला, आणि ते त्याच्या हयातीत पहिल्यांदाच घडलं. सरपंचांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला. मी नको नको म्हणत तो बांधून घेतला. घरी गेलो तर धुरपता अंगणात उभी होती, पदर डोक्यावर, पण चेहरा उघडा. बारा वर्षांत मी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. ती हसत होती. मग तिच्या लक्षात आलं आणि ती आत पळाली.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं आम्ही परभणीला आलो. सामान बघून कंडक्टर म्हणाला, “गुरुजी, घर मोडून निघालाव का?” तिनं एक ट्रंक, ज्वारीचं अर्धं पोतं, स्टो, तवा, पोळपाट, डबे, दोन वाकळा, सगळं घेतलं होतं. घासलेटची बाटली मी ठेवून दे म्हणालो तर तानुबाईकडून निरोप आला, “पयल्या दिवशी चूल कशानं पेटवू?” मी बाटली पोत्यात खोचली.

स्टेशनवर हैदराबादकडं जाणाऱ्या गाडीला अजून दीड तास होता. तिला सामानाशेजारी बाकड्यावर बसवलं आणि मी पेपर घ्यायला गेलो. तिथं हैदराबादचा इंग्रजी पेपर एक दिवस उशिरा मिळायचा, म्हणजे सोमवारचा होता. भावाचं नाव इंग्रजीत छापलेलं बघायची हौस, दुसरं काय. खेळाचं पान उघडलं. मुसी चषक दिल्लीला. मला वाटलं मी चुकीचा पेपर घेतला. मग खाली वाचलं. मुंजाजीचं नाव होतं. त्यापुढं लिहिलं होतं की स्थानिक खेळाडू मुंजाजी यांचं टोल्यांच्या नोंदीचं पत्रक चुकीचं आढळल्यामुळं त्यांना बाद ठरवण्यात आलं.

मी ती ओळ तीनदा वाचली. इंग्रजी माझं बेताचं, म्हणून आशा होती. पण एवढं बेताचं नव्हतं.

परत आलो तर धुरपता माझ्या हातातल्या पेपरकडं बघत होती. मध्ये निरोप न्यायला तानुबाई नव्हती. तिनं पदर सारखा केला आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलली. “दादा, नाव आलंय का त्यांचं?”

“आलंय,” मी म्हणालो.

“दावता का?”

मी तिला ती ओळ दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. मी तिला कधी शिकवलं नव्हतं, शाळा घराला लागून असून. तिनं त्या छापील नावावर बोट ठेवलं, जरा वेळ तसंच ठेवलं आणि मग बोट पदराला पुसलं, शाई लागली असेल म्हणून. मला रडू येत होतं आणि मी चहाची चौकशी करत होतो. कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, गाडीत सांगावं की इथूनच परत न्यावं, काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात हैदराबादकडून मनमाडला जाणारी गाडी आली. आमची नव्हे, उलटी. ती थांबली आणि मागच्या डब्यातून मुंजाजी उतरला. हातात एक पिशवी, गळ्याभोवती मफलर, दाढी वाढलेली.

धुरपतानं त्याला माझ्याआधी पाहिलं. ती उठून उभी राहिली. “आमाला न्यायला आले,” ती म्हणाली, मला का स्वतःला कोण जाणे. “एवढ्या लांबून.”

तो आमच्याकडं बघून जागीच थांबला. त्याची नजर आधी तिच्यावर गेली, मग ट्रंकेवर, पोत्यावर, स्टोवर, एकेका डब्यावर. आम्ही निघालो असू याची त्याला कल्पना होती, पण एवढं सगळं घेऊन निघालो असू याची नसावी. तो आला, माझ्या पाया पडला आणि सामानाच्या पलीकडं जमिनीवरच बसला.

“दुसरी तार काऊन धाडली न्हाई?” मी विचारलं.

“सिताराम धाडायला निघाला व्हता. मीच मनलो, नको. तोंडानं सांगायला पायजे. काल दिवसभर कमिटी बसली व्हती, मनून उशीर झाला.”

धुरपता एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मग त्यानं सांगितलं. तिच्याकडं बघून सांगितलं, हे त्याचं मोठेपण. मी असतो तर जमिनीकडं बघितलं असतं.

या खेळात आपले टोले आपण लिहायचे नसतात. बरोबर एक माणूस दिलेला असतो, तो लिहितो. शेवटी आपण ते पत्रक तपासायचं आणि खाली सही करायची. सही झाली की ते पत्रक आपलं, त्यातली चूकही आपली. शेवटच्या दिवशी मुंजाजीचे टोले लिहायला क्लबानं कर्नलसाहेबांनाच नेमलं होतं. पंधराव्या खळग्याला मुंजाजीचा चेंडू झुडपात गेला, तिथं त्याला पाच टोले लागले. कर्नलसाहेब कोणाशी तरी बोलत होते. त्यांनी चार लिहिले.

“मग तू बघितलं न्हाईस?” मी म्हणालो. “दस्कत करताना?”

“बघितलं की.”

“दिसलं न्हाई?”

“दिसलं, दादा.” तो हळू बोलत होता. “चार लिव्हलेलं साफ दिसलं. पर साहेब समोर हुबे. चौदा वर्षं त्यांची पिशवी उचलली. चार लोकांत त्यांना कसं मनू, तुमचं चुकलंय मनून? मला वाटलं, आत्ता दस्कत करून टाकू, मागून कुनाला तरी सांगू. केली दस्कत.”

माझा हात आपोआप माझ्या गालाकडं गेला. मारलं होतं मी, लागलं होतं त्याला.

सही झाली, बेरीज झाली, भोंग्यावर पुकारलं : मुंजाजी, दोनशे एक्क्याऐंशी. टाळ्या पडल्या. सिताराम तारघराकडं पळाला. कर्नलसाहेबांनी मिठी मारली. चषक टेबलावर आणून ठेवला. मुंजाजी म्हणाला की त्याच्या डोक्यात दोनशे ब्याऐंशी होते आणि कानात दोनशे एक्क्याऐंशी, आणि त्याला तिथं उभं राहवेना. दुसऱ्या नंबरच्या खेळाडूचे दोनशे चौऱ्याऐंशी होते. एक टोला वाढला तरी जिंकणार तोच होता. म्हणून तो टेबलाशी गेला आणि म्हणाला, साहेब, एक कमी धरलाय, पंधराव्याला माझे पाच आहेत.

टेबलामागच्या माणसानं नियमांचं पुस्तक काढलं. जास्तीचा आकडा लिहिला गेला असता तर तो जास्तीचा धरून चाललं असतं. कमी आकड्याच्या पत्रकावर सही केली म्हणजे बाद. माफी नाही. सोमवारी कमिटी बसली, सगळे हळहळले, कर्नलसाहेबांनी स्वतः चूक कबूल केली. नियम नियमच राहिला.

“आन् क्वार्टर?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

“शिकवायच्या कामावर दुसरा मानूस घेनार. कमिटीनं मनलं, ज्याच्या कागदावर भरवसा न्हाई त्याला कसं ठिवायचं.” मग तो म्हणाला, “कर्नलसाहेब मनले, पुन्हा माझी पिशवी उचल.”

मला राहवलं नाही. मी बाकड्यावरून उतरून त्याच्या शेजारी बसलो. म्हणालो, “मुंजाजी, चूक माझी हाय. त्या दिपोटीच्या दिवशी मीच तुला हानलं. मीच तुला गप बसायला शिकिवलं.”

त्याला कळलंच नाही. “कोनता दिपोटी?” तो म्हणाला. “तुमची कशी चूक, दादा? तुमी तर बोरीत व्हता.”

थप्पड तो विसरला होता. शिकवण मात्र अंगात मुरली होती. यापरता मास्तराला दुसरा तळतळाट नको.

हैदराबादला जाणारी गाडी आली. माणसं चढली, उतरली. हमाल एकदा आमच्या सामानाकडं बघून गेला. गाडी सुटली. आमची दोन तिकिटं माझ्या खिशात होती. तिघांपैकी कोणीही गाडीकडं मान वळवली नाही.

इतका वेळ धुरपता रडली नव्हती. आता तिनं डोक्यावरचा पदर तसाच राहू दिला पण चेहरा वर केला आणि माझ्यादेखत, थोरल्या दिरादेखत, नवऱ्याशी बोलली.

“एक इचारू का?”

“इचार.”

“कागदावर चार दिसले, तवा साहेबाला वाईट वाटंल मनून गप बसलाव. साहेबाची याद आली.”

“आली.”

“मग उठून टेबलाशी गेलाव, एक कमी हाय मनून सांगायला. तवा मी याद आले व्हते का?”

मुंजाजीनं तिच्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. ज्या पोराला मी एका खोट्या मोजणीपायी सात दारं फिरवलं होतं, त्यानं या एका वेळी खोटं बोलावं म्हणून मी मनातल्या मनात त्याचे पाय धरले. म्हण की आली होतीस. म्हण की तुझ्यासाठीच काळजावर दगड ठेवून गेलो. एक शब्द. बारा वर्षं काढली तशी ती एवढ्या एका शब्दावर पुढची बारा काढील.

तो विचार करत होता. खरोखर आठवून बघत होता, आली होती का. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“न्हाई,” तो म्हणाला.

तिनं मान हलवली. जसं काही बाजारात भाव विचारला आणि कळला. मग तिनं सामानातून आपली ट्रंक तेवढी ओढून घेतली. पोतं, डबे, स्टो, कशालाच हात लावला नाही. चारठाणा तिचं माहेर. लग्नानंतर ती तिथं सणाला दोन रात्रींच्या वर कधी राहिली नव्हती. नवरा येईल आणि आपण घरी नसू, याचं तिला भय असायचं.

ती माझ्याकडं वळली. आवाज अगदी साधा होता.

“दादा, चारठान्याची एसटी कितीला हाय, तेवढं इचारून येता का?”